बाईंचे बोंबील

एका रविवारी सकाळी मी आमच्या शेजारच्या बाईंची कलाकृती चाळीत घरोघर वाटून टाकली आणि माझ्या वाट्याचा भाग कांदा-कोकम घालून खाल्ला. चव चांगली होती. हे मी बाईंना सांगितलंही, आणि ती त्या दिवसातली माझी दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोर्टातल्या एका गॅलरीत बाईंच्या आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन उघडणार होतं. त्यासाठी त्यांनी पन्नाशी उलटेपर्यंत वाट बघितली होती. त्या प्रदर्शनाची मुख्य भिंत, म्हणजे दारातून शिरल्या शिरल्या समोर येणारी, सगळ्यांत मोठी, ती आमच्या चाळीने रविवारच्या जेवणात संपवली. वाढपी मी.

पण आधी बाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर माझा मूर्खपणा किती मोठा होता ते नीट कळणार नाही, आणि ते कळलं नाही तर मला लिहिण्यात काही मजा नाही.

बाई म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत राहायला आलेल्या बाई. दारावर नाव होतं, पण ते कोणी घेतलं नाही. एकट्या राहायच्या आणि कोणाचीही काकू, मावशी, आत्या व्हायला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नकार दिला होता. म्हणून सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. मी शेजारच्या खोलीत, म्हणून त्या मला 'शेजारी' म्हणायच्या. मी बँकेतून निवृत्त झालेला आणि चाळ कमिटीचा सेक्रेटरी होतो, म्हणजे मला करायला काही नव्हतं आणि ते करायचा अधिकार होता.

त्या अधिकारात मी त्यांना विचारलं, "बाई, आपण करता काय?"

"चित्रं काढते, पण चित्रकार नाही," त्या म्हणाल्या. "आवाज गोळा करते, पण गाणारी नाही. झाडांच्या मागे असते, पण वनस्पतीशास्त्र अर्ध्यात सोडलं."

"मग लिहू काय?"

"लिहा, मधली."

मी 'निवृत्त' लिहिलं.

या मधलेपणाचाच त्यांना आयुष्यभर त्रास झाला होता. चित्रवाले म्हणायचे, हे शिल्प आहे. शिल्पवाले म्हणायचे, हे नुसते आवाज आहेत. आवाजवाले म्हणायचे, याला वास येतो. त्यामुळे चार जणांच्या प्रदर्शनात कुठेतरी जिन्याखाली, कुठेतरी बाथरूमच्या बोळात, अशी त्यांना जागा मिळायची. त्याबद्दल त्या कडवट नव्हत्या, हे विशेष. एकदा म्हणाल्या, "बाथरूमच्या बोळात लोक जास्त वेळ उभे राहतात, शेजारी. रांग असते."

वाढलेल्या गिरगावात, फणसवाडीत. "नाव फणसवाडी, आणि आख्ख्या लहानपणात मी आमच्या वाडीत एक फणस बघितला नाही," त्या सांगायच्या. "वडिलांना विचारलं, फणस गेला कुठे? ते म्हणाले, तू उभी आहेस तिथेच असेल, खाली. तेव्हापासून मी खाली बघून चालते." हे अगदी खरं होतं. परळच्या नाक्यावर भर गर्दीत बाई खाली बघत चालायच्या, मधेच वाकून फरशीच्या फटीतून काहीतरी उचलायच्या, आणि मागचे चार जण त्यांच्यावर आदळायचे. त्या चौघांत बऱ्याचदा मी असायचो.

त्यांची वेळ सांगायची पद्धत भरती-ओहोटीची. लालबागमधून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण 'कधी येऊ?' विचारलं की उत्तर यायचं, "भरती लागली की या." पहिल्यांदा मी फोनवर भरतीची वेळ शोधली, बरोबर दुपारी साडेतीनला गेलो, आणि मला चहा मिळाला. खूश झालो. म्हटलं, बाईंचं गणित आपल्याला कळलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा साडेतीनला गेलो. कुलूप. जिन्यात बसून राहिलो. दिवेलागणीनंतर बाई उगवल्या.

"शेजारी, समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो. तो काही तुमच्या बँकेत नोकरीला नव्हता."

सिलिंडरवाला मात्र त्यांच्याकडे कधी चुकीच्या वेळी आला नाही. तो कोळीवाड्यातला होता.

बाईंचं एक वाक्य चाळीत इतकं पसरलं की भांडणातही वापरलं जायचं. कमिटीच्या मीटिंगमध्ये काहीही ठरलं, गच्चीवर पत्रे टाकायचे, चौकातली बदामाची फांदी छाटायची, की बाई मागून शांतपणे विचारायच्या, "कावळ्याला विचारलंत?" आम्ही हसायचो. मग एकदा आम्ही न विचारता फांदी छाटली, आणि त्यानंतर महिनाभर कावळ्यांनी सेक्रेटरीला, म्हणजे मला, डोक्यावर टोचल्याशिवाय चौक ओलांडू दिला नाही. छाटणाऱ्या माणसाला सोडून मलाच का, हे मी बाईंना विचारलं. म्हणाल्या, "सही कोणाची होती?"

दुसरं वाक्य मोरीचं. "आपण निसर्गाकडे जात नाही, शेजारी. माथेरानला जाऊन आपण घोड्यावर बसतो आणि चिक्की आणतो. निसर्ग आपल्याकडे येतो. मोरीतून." मग त्या घरोघर जाऊन मोऱ्यांतलं शेवाळ चमच्याने खरवडून न्यायच्या आणि त्यातून हिरवा रंग करायच्या. साळव्यांच्या सुनेने त्या येणार म्हणून मोरी घासून लख्ख केली, तर बाई दारातच हिरमुसल्या. उलट मयेकरांच्या मोरीपाशी बराच वेळ बसून म्हणाल्या, "काय सुंदर आहे हो हे." मोरी न घासल्याबद्दल शाबासकी मिळालेलं आमच्या चाळीतलं ते एकमेव घर. मयेकर ते अजून सांगतात.

साळवी आणि मयेकर यांचं पटत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. दोघांच्या खोल्या समोरासमोर. चपलांच्या स्टँडवरून भांडण झालं, ते स्टँड कधीच भंगारात गेलं, भांडण जागच्या जागी आहे.

भिंतीत पिंपळ उगवला तेव्हा मी ॲसिडची बाटली घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, थांबा, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या नावांच्या पाटीवर, साळवी, मयेकर, पाटकर यांच्याखाली, तशाच अक्षरांत एक ओळ रंगवलेली दिसली: 'पिंपळ, दुसरा मजला'. पाटीवर नाव आलं की माणसाला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही. निवडणूक आली तेव्हा एक कार्यकर्ता यादी घेऊन मलाच विचारायला लागला, पिंपळांकडे मतदार किती. मी म्हटलं, सध्या चार पानं आहेत. शेवटी भिंत तडकायला लागली तेव्हा बाईंनी स्वतः गवंडी आणून तो मुळांसकट सोडवला आणि गच्चीवर एका पिंपात लावला. पाटीवर फक्त मजला बदलला.

आणि स्टेथोस्कोप. माझी बायको परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिचा जुना स्टेथोस्कोप बाईंनी मागून नेला आणि चौकातल्या बदामाला लावून बसल्या. संध्याकाळपर्यंत रांग लागली. झाडाच्या आत काहीतरी सरकतं, बुडबुडतं, ते ऐकू येतं म्हणे. माझी पाळी आली. मी सेक्रेटरी, मी काही नुसती नळी टेकवून ऐकणार नव्हतो. मी झाडाला दोन्ही हातांनी कवटाळलं, डोळे मिटले, आणि हादरलो. झाड धडधडत होतं. मी ओरडून सगळ्यांना सांगितलं की झाडाची तब्येत बरी नाही, ठोके चुकताहेत.

बायको ड्युटीवरून येत होती. तिने पुढे येऊन नळीचं टोक माझ्या आणि झाडाच्या मधून ओढून काढलं. ते माझ्या शर्टाच्या खिशावर दाबलं गेलं होतं.

"हे तुमचंच आहे," ती म्हणाली. "गोळी घेतलीत का सकाळची?"

सगळी चाळ हसली. बाई हसल्या नाहीत. डोळे चमकत होते त्यांचे. "नाही नाही, हे फार छान झालं," त्या म्हणाल्या. "कुठलं झाड आणि कुठला माणूस ते क्षणभर कळलं नाही ना? मी एवढ्याचसाठी धडपडते आहे." मला वाटतं त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त झालो. माझ्या फजितीत अर्थ शोधणारं माणूस मला आधी कोणी भेटलं नव्हतं.

तर आता बोंबील.

दिवाळीनंतर बाई प्रत्येक घरात एकेक तास येऊन बसल्या, छोटा रेकॉर्डर घेऊन. कशासाठी, ते विचारलं तर म्हणायच्या, कळेल. लोक पहिली पाच मिनिटं सावरून बोलायचे आणि मग विसरून जायचे, की त्यांचं काम व्हायचं. मी विसरलो नाही. मी त्या तासाभरात गिरणगाव, संप, माझं बालपण, बँकेचं संगणकीकरण आणि वडिलांचं भजनी मंडळ, एवढं सगळं रेकॉर्डरच्या तोंडापाशी जाऊन सांगितलं. बाईंनी आभार मानले.

याच सुमाराला त्यांची बाजारातल्या एका कोळिणीशी घट्ट मैत्री झाली. त्या तिला वयनी म्हणायच्या. वयनींनी त्यांना बोंबील वाळत घालायला शिकवलं: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. गच्चीची किल्ली बाईंकडेच असायची, कारण टाकीकडे बघायला दुसरं कोणी तयार नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी, वर, जिथे आख्ख्या चाळीचा धूर, फोडणी, धूप आणि आरडाओरडा चढून येतो, तिथे त्यांनी दोरी बांधली, भोवती जाळी लावली, आणि घरटी एक असे बोंबील टांगले. प्रत्येकाच्या शेपटीला दोऱ्याने एक चिठ्ठी, त्या घराच्या आडनावाची. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते बोंबील आम्हाला पीत होते. बाई रोज उन्हात त्यांच्या मागे कसलासा कागद धरायच्या, आणि त्या कागदावर निळ्या रंगात बोंबलाची पांढरी सावली उमटायची. गॅलरीत प्रत्येक बोंबलाखाली एक छोटा स्पीकर, त्यातून त्या घराचा आवाज, मागे भिंतीवर त्याची सावली. अशी ती भिंत.

यातलं आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. वास यायचा, पण लालबागच्या चाळीत सुक्या बोंबलाचा वास आला म्हणून कोणी चौकशी करत नाही. तो आला नाही तर करतात.

त्या रविवारी बाईंनी बोंबील उतरवले, वर्तमानपत्रात गुंडाळून एका करंडीत रचले, आणि करंडी जिन्याखाली ठेवून टेम्पोवाल्याला शोधायला नाक्यावर गेल्या. आणि मी दूध घेऊन आलो.

कोकणातल्या माणसाला जिन्याखाली करंडी दिसली, त्यात सुकं दिसलं, आणि सुक्याला आडनावांच्या चिठ्ठ्या दिसल्या, तर तो काय समजेल? गावाहून येणाऱ्या लक्झरी बसमधून वर्षानुवर्षं हेच येत आलंय. कोणीतरी गावात सगळ्यांचं मिळून बांधतं, प्रत्येकाच्या पुडक्याला नाव लावतं, आणि बसवाला लालबागला उतरवतो. ज्याला पहिलं दिसलं त्याने पोचवायचं, ही रीत. मी तर सेक्रेटरी. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'गावाहून सुकं आलंय, घरपोच करतो', आणि निघालो. घरटी एकच बोंबील बघून मला जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं, महागाई आहे.

मयेकरांनी दारातच वास घेतला. "खंयसून इलो रे हो?"

"गावाहून."

"कोणी धाडल्यान?"

"ते मला काय ठाऊक. नाव आहे ना तुमचं?"

"हा, नाव असा," ते म्हणाले, आणि विषय संपला. नाव असलं की आमच्याकडे पुढचं विचारत नाहीत.

बायको तीनला ड्युटीवरून आली. वाटीत मी तिच्यासाठी थोडं राखून ठेवलं होतं. तिने हात धुतले, घास घेतला, आणि विचारलं, "कोणी पाठवलं?"

"गावाहून आलंय."

"गावात आपलं कोण उरलंय?"

गावच्या घराला कुलूप आहे आमच्या, किल्ली माझ्याच कपाटात आहे. आणि तेवढ्यात जिन्याखालून बाईंचा आवाज आला; रविवारी टेम्पो मिळेपर्यंत त्यांना दुपार झाली होती. त्या कोणालातरी विचारत होत्या, "इथे करंडी होती ती बघितलीत का?"

मी खाली गेलो आणि सगळं सांगितलं. चव चांगली होती, हेही सांगितलं. का, ते आजही सांगता येणार नाही. वाईट बातमीत काहीतरी चांगलं घालावं अशी बँकेची सवय.

बाई पायरीवर बसल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी हातातला मोकळा दोर एकदा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मी आत्ता दादरला जाऊन आणतो," मी म्हटलं. "पाहिजे तेवढे. मोठे."

"ते परके असतील, शेजारी," त्या म्हणाल्या. एवढंच.

बायकोने वरून विचारलं, "बाई, त्याला काही औषध मारलेलं होतं का?"

"मीठ. तुमची पोटं बरी आहेत ना सगळ्यांची?"

तेवढ्यात गॅलरीच्या मॅडमचा फोन. बाईंचा फोन मोठ्याने बोलतो, त्यामुळे जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू आलं. मेन वॉलचं सामान अजून पोचलं नाही, लाइट लावणारा थांबलाय, उद्या संध्याकाळपर्यंत भिंत भरली नाही तर तिथे दुसऱ्या एका चित्रकाराचे कॅनव्हास लावतील, "प्लीज अंडरस्टँड", बाईंचं बाकीचं काम आतल्या पॅसेजमध्ये छान दिसेल.

आतला पॅसेज म्हणजे काय ते बाईंना माहीत होतं, आणि आता आम्हालाही. बाथरूमचा बोळ.

बाई फोन धरून बसून राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी समोरच्या पाटीकडे बघत राहिलो, आणि त्या अचानक उठल्या. अशा उठल्या की टेम्पोवाल्याने हॉर्न थांबवला.

"शेजारी, तुम्ही कसा केलात?"

"काय?"

"बोंबील. केलात कसा? भाजून? आणि मयेकरांनी? साळव्यांनी? कोणी खाल्ला नाही असं घर आहे का एक तरी?"

"नसेल," मी म्हटलं. "रविवार आहे."

"म्हणजे चाळ बोंबलात गेली होती, आता बोंबील चाळीत गेला," बाई म्हणाल्या, आणि मग त्या भरभर बोलायला लागल्या, पायऱ्या चढता उतरता, दोर गळ्यात अडकवून. "हे मला सुचलंच नव्हतं. मी अर्ध्यावर थांबवलं होतं ते, वाळवून भिंतीला लावून. ते पुढे गेलं हो." फोनमध्ये त्या म्हणाल्या, "मॅडम, माल उद्या येतोय. चालत येईल."

भिंतीवर बोंबलाच्या जागी ज्याने तो खाल्ला तो उभा राहणार, आपल्या चिठ्ठीखाली, आपल्या आवाजासमोर. हे कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा मी इतका पेटलो की चप्पल न घालताच सुटलो. ज्या पायांनी वाटत फिरलो होतो त्याच पायांनी माणसं गोळा करत फिरलो. चिठ्ठ्या तर कचऱ्याच्या डब्यांतून काढाव्या लागल्या. पण माणसं काढणं त्याहून कठीण. उद्या सोमवार, कामाचा दिवस. कोणी म्हणालं, लोक हसतील. कोणी म्हणालं, खाल्लेल्याचं काय प्रदर्शन करायचं.

मयेकर खाटेवर बसले होते. "म्हणजे ता चित्र होता? आणि तू माका ता खावक घातलंस?"

"हो."

"आणि आता माका थंय उभो करतलंस?"

"मुख्य भिंतीवर."

मयेकरांनी विचार केला. "बनियानवर की सदरो घालू?"

साळवी अडले. महापालिकेत हेडक्लार्क, सोमवार कडक. "मी सोमवारी मासळीला शिवत नाही," ते म्हणाले.

बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "शिवायचं नाहीये साळवी," त्या म्हणाल्या. "व्हायचंय."

साळवींनी दार लावून घेतलं. मला वाटलं गेलं. एक जागा रिकामी राहिली की बाईंची दोरी तिथेच तुटणार होती, कारण साळवींचा जबडा, म्हणजे साळवींच्या बोंबलाचा, मयेकरांच्या बोंबलात अडकवलेला होता.

सोमवारी टेम्पो आला. बोंबलांसाठी ठरवलेला, त्यात चाळ बसली. पाटकर, मयेकर सदरा घालून, माझी बायको सुट्टी टाकून, आम्ही सगळे. साळवी नाहीत. बाई पुढे ड्रायव्हरजवळ, मागे वळून एकदाच मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "चला." टेम्पो सुटला, भायखळ्यापाशी सिग्नलला थांबला, आणि शेजारी एक टॅक्सी येऊन लागली. त्यात मागे साळवी, त्यांची सून आणि सीटवर मांडी घालून बसलेली म्हातारी आई.

"हाफ डे टाकलाय," साळवी टॅक्सीतून माझ्याकडे न बघता म्हणाले. "आईने पण खाल्ला होता. ती ऐकेना."

गॅलरीत थंडगार एसी, पांढरी भिंत, आणि भिंतीवर ओळीने निळे कागद, प्रत्येकावर एक पांढरी सावली. बाई चप्पल काढून इकडून तिकडे धावत होत्या. दोर बांधला, चिठ्ठ्या लटकवल्या, आणि ज्याला त्याला त्याच्या सावलीपुढे उभं केलं. साळवी आणि मयेकर खांद्याला खांदा लावून.

"जरा लांब उभे राहिलो तर?" साळवींनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमचे जबडे दिवाळीपासून अडकलेत."

नियम एकच होता. कोणी समोर आलं तर एका वाक्यात चव सांगायची, बस. मॅडम आल्या, दारात थांबल्या, बाईंकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि स्पीकर चालू करायची खूण केली. आमच्या पायांशी आमची घरं सुरू झाली. कुकर, देवघरातली घंटा, कोणाचं तरी खोकणं. माझ्या पायाशी मी कान लावून होतो, गिरणगाव कधी सुरू होतं म्हणून. नुसतं लाटणं ऐकू आलं, पोळपाटावरचं, बराच वेळ, आणि मधेच माझा आवाज, 'मीठ कुठे ठेवलंय?' तासाभरातून बाईंनी एवढंच ठेवलं होतं.

लोक आले. आधी पाच-सहा, मग दारापर्यंत, मग दाराबाहेर. मयेकर सगळ्यांना सांगत होते, "खारट, गावच्यासारखो." साळवींची आई म्हणाली, "मला दात नाहीत, मी चोखला." साळवी म्हणाले, "आमच्याकडे शेपटीवरून भांडण झालं," आणि मयेकर खो खो हसले, आणि मग साळवीही. हे बघायला फोर्टातली शिकलेली गर्दी कशाला, आमची चाळ तिकीट काढून आली असती. माणसं भिंतीसमोरून हलत नव्हती. एक मुलगी मयेकरांच्या समोर उभी राहून डोळे पुसत होती आणि मयेकर तिला विचारत होते, काय झालां गो, काटो लागलो? मॅडम बाईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "उद्या पण येतील का हे?" बाईंनी मान हलवली, हो की नाही ते कळेना. आम्ही भिंतीवरून बघत होतो. जिन्याखाली जागा मिळाली तरी हसून बोलणारी बाई, मुख्य भिंतीसमोर तिला एक शब्द फुटेना.

मी मात्र बोलत होतो. नियम माझ्यासाठी नव्हता अशी माझी समजूत. ही कल्पना खरं तर माझ्यामुळे पूर्ण झाली, इथपासून मी सुरुवात केली. मग सात बेटं, भरती पाऊण तास उशिरा का येते, मोरीतलं शेवाळ, झाडाचे ठोके, माणूस आणि निसर्ग यांच्यात भिंत नसून जाळी असते, हे माझं स्वतःचं वाक्य. समोर दहा-बारा जण जमले. कोणीतरी फोनवर टिपत होतं. मी आणखी आवाज चढवला.

तेव्हा गर्दीतून वयनी पुढे आल्या. बाजार आटोपून, नऊवारी नेसून, अंगावर सगळं सोनं घालून आल्या होत्या. पहिल्यापासून भिंत बघत, एकेका माणसापुढे थांबत त्या माझ्यापर्यंत पोचल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी माझं थोडा वेळ ऐकलं. मग हात पुढे करून माझ्या दंडाला अंगठ्याने दाबून बघितलं आणि मागे वळून बाईंना सांगितलं:

"बाकीचं बरं सुकलंय गो बाय. यो मात्र अजून लय पानी सोडतंय. याला पाट्याखाली दाबून ठेव."